बिजली उष्णतेत आहे

ओजस आणि रेवा,

"आजी, मे महिन्यात नागपूरला कोणी जातं का?" असं तुम्ही दोघांनी फोनवर एका सुरात विचारलंत, तेव्हा मी नुसती हसले होते. आता जाऊन आले, त्यालाही दोन महिने होत आले. कपडे धुऊन कधीच वाळले, बॅग माळ्यावर गेली, आणि मी टेबलाशी बसले आहे. फोनवरच सांगणार होते, पण दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मधेच मला इतकं हसू फुटलं की तुमच्या बाबांना वाटलं, लाइन खराब आहे. तेव्हा लिहिते. या प्रवासात एका गाईच्या खाजगी आयुष्याशी माझा बराच संबंध आला. पण तुम्ही दोघंही जीवशास्त्र शिकता, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिणार आहे.

सावनेरचा रस्ता

कुमुद म्हणजे माझी बी.एड.च्या वसतिगृहातली मैत्रीण. एका खोलीत आम्ही दोघी, मी इंग्रजीची, ती गणिताची. शिक्षण झाल्यावर मी सांगलीला आले आणि ती लग्न होऊन सावनेरच्या अलीकडे एका खेड्यात गेली. तिथल्याच शाळेत तिने जन्मभर गणित शिकवलं. आमची पत्रं चालू होती, फोन चालू होते, पण तिच्या घरी जाणं काही जमलं नव्हतं. या वर्षी तिने रागावून सांगितलं, "आता नाही आली त मंग मी मेल्यावरच येजो," आणि मी तिकीट काढलं.

नागपूर स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं आणि कोणीतरी तोंडासमोर भट्टीचं दार उघडलं असं वाटलं. आपल्याकडे ऊन डोक्यावर लागतं. तिथे ते खालून, वरून, बाजूने, बोलता बोलता तोंडातही जातं. कुमुद डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून उभी होती.

"सुधा! किती वाळली वं तू! सांगलीले जेवाले भेटत नाही का?"

"तू मात्र अगदी तशीच आहेस," मी म्हणाले.

"खोटं नको बोलू. दुप्पट झाली मी."

तिच्याबरोबर तिची सून मेघा होती आणि गाडी मेघाच चालवणार होती. मेघा तिशीची, बारीक, हसरी, बोलणं भराभर. तिचा नवरा कळमेश्वरला कारखान्यात नोकरी करतो. घरच्या चार गाई आणि दुधाचा सगळा व्यवहार मेघा बघते. निघण्याआधी त्यांनी मला एका टपरीवर तर्री पोहे खायला घातले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. पहिल्या घासाला मी म्हणाले, "छान आहे." दुसऱ्या घासाला मला काहीच म्हणता येईना. शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी आपल्या हातातलं ताक माझ्यापुढे सरकवलं. अनोळखी माणसाचं उष्टं ताक मी सांगलीत प्यायले नसते. तिथे दोन घोटात संपवलं.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडल्या, कोळशाच्या ट्रकांची रांग संपली, आणि वेचणी संपून उलंगलेली कापसाची शेतं सुरू झाली. तेवढ्यात मेघाचा फोन वाजला. तो तिने गाडीतल्या स्पीकरवर लावला. पलीकडे तिचे सासरे, म्हणजे कुमुदचे यजमान मनोहरराव होते.

"मेघा, तो यापारी येऊन गेला वं. बिजलीचं काय करू म्हणे."

"बाबूजी, तुम्ही अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. पण बिजली तीन डाव उलटली. किती वाट पाहाची माणसानं?"

तीन वेळा उलटली! मी म्हणाले, "अरे बापरे. गाडी का ही बिजली? कोणाला लागलं तर नाही ना?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. फोनमध्ये मनोहरराव म्हणाले, "अन डॉक्टरनं भरवलं त तीनही डाव चांगलं होतं."

"डॉक्टर स्वतः भरवतात?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे पांढऱ्या कोटातला माणूस, हातात वाटी-चमचा, असं चित्र आलं होतं. "हाताला चव असणार त्यांच्या."

मेघाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत सुटली. कुमुद तर दुपट्ट्यात तोंड खुपसून रडत होती. फोनमधून "काय झालं? काय झालं गा?" असं येत होतं.

मग मला समजावून सांगण्यात आलं. बिजली ही गाय. गाईला गर्भ राहावा म्हणून डॉक्टर नळीने बीज सोडतात, त्याला तिथे 'गाय भरवणं' म्हणतात. गर्भ राहिला नाही आणि तीन आठवड्यांनी गाय पुन्हा माजावर आली, की गाय 'उलटली'. आणि 'माजावर येणं' म्हणजे गाय फळायला तयार असणं. हा माज थोडाच वेळ टिकतो. तेवढ्यात डॉक्टर आला तर ठीक, नाहीतर पुढच्या खेपेची वाट बघायची.

हसणं ओसरल्यावर मेघाने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मग पुढे बघत म्हणाली, "मावशी, मी लग्न होऊन आली त्याच साली बिजली झाली. तिची माय तिले जन्म देताना गेली. मी बाटलीनं दूध पाजलं तिले. मले या घरात कोणी ओळखत नोहतं तेव्हा ती माझ्या मागं मागं फिरे." आता बिजली दूध देत नव्हती, गाभणही राहत नव्हती. मनोहररावांनी शेवटची मुदत दिली होती. गुरांचा यापारी घेऊन गेल्यावर पुढे तिचं काय होईल ते कोणी बोलत नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

गोठा

मनोहरराव उंच, गोरे, टोपीवाले, आणि पाहुण्याला काहीतरी दाखवल्याशिवाय चैन न पडणारे गृहस्थ आहेत. मी हातपाय धुतले न धुतले, तोच म्हणाले, "चला ताई, आमची टेक्नॉलॉजी दाखवतो तुमाले."

गोठा फरशीचा, स्वच्छ. चार गाई. चौघींच्या गळ्यात रुंद पट्टा, आणि पट्ट्याला साबणाच्या वडीएवढी काळी डबी. बाहेर खांबावर एक पेटी. गाय किती चालली, किती वेळ बसली, किती रवंथ केला, हे सगळं ती डबी त्या पेटीला सांगते, आणि पेटी मेघाच्या मोबाइलला. गाय आजारी पडायच्या आधीच तिचा रवंथ कमी होतो म्हणे. माणसाला दिसायच्या आधी ते पट्ट्याला कळतं. बिजली तिसऱ्यांदा उलटल्यावर, होळीच्या आधी मेघाने हट्टाने हे पट्टे बसवून घेतले होते.

रेवा, तू वाढदिवसाला पाठवलेलं घड्याळ माझ्या मनगटावर होतं. तेच, जे मला दर तासाला उठून चालायला सांगतं. मी ते बिजलीच्या पट्ट्याशेजारी धरलं आणि म्हणाले, "आम्ही दोघी एकाच नोकरीत आहोत." बिजली तांबूस, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी, आणि कपाळावर पांढरा टिळा. तिने माझं घड्याळ चाटलं. त्यानंतर दिवसभर ते मला 'उत्तम हालचाल' असं दाखवत होतं.

"पट्टे बसवायले तो पोरगा आला, त्याले मी पयलेच सांगतलं," मनोहरराव म्हणाले, "मले इंग्रजी नाही पायजे. मराठीत मेसेज आला पायजे. त्यानं दाबलं कुठंतरी, झालं मराठी. माज आला की मेसेज येईन, असं सांगून गेला. तो मेसेज काही आजपर्यंत आला नाही. पण त्या पट्ट्यानं बिजलीचा जीव वाचवला, बरं का ताई. दोनदा."

"तो कसा?"

"मेसेज आला, बिजली उष्णतेत आहे. खाली लिहून, रवंथ कमी. मी समजलो, लागलं ऊन. लगेच पाणी मारलं, पोती ओली करून टाकली अंगावर, कूलर आणला. दुसऱ्या दिवशी मेसेज येते, उष्णता समाप्त! आता बोला!"

"बाकीच्या गाईंना नाही लागत ऊन?"

"त्या तिघी गाभण हायेत, त्यायले काही नाही. हीच नाजूक." त्यांनी बिजलीच्या पाठीवर थाप मारली, आणि मग मला गोठ्याच्या मागच्या भिंतीशी नेलं. तिथे एक कोरी करकरीत खिडकी होती. चौकटीचा रंगही अजून ओला वाटत होता. "ही पाहा. पयले गोठ्याले खिडकीच नोहती. मेसेजात आलं, खिडकी उघडी आहे. मी म्हटलं, कोणती खिडकी गा? नाही ते उघडं कसं राहीन? मंग ध्यानात आलं, ते सांगून राहिलं का खिडकी उघडी पायजे. गवंडी बोलावला अन पाडून घेतली."

मी खिडकीचं कौतुक केलं. मनापासून केलं, कारण त्या उन्हात गोठ्याला खिडकी हवीच असं मलाही वाटलं. इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला आणि तरी माझी ट्यूब पेटली नाही. तुम्ही असतात तर पेटली असती, असं मला वाटत नाही. सावलीतही कपाळावरून घाम निथळत असताना 'उष्णता' हा शब्द वाचला की माणूस पाणीच शोधतो.

गोळाभात

तिसऱ्या दिवशी दुपारी कुमुदने गोळाभात केला होता. हरभऱ्याच्या भरड डाळीचे तिखट गोळे भातात शिजवतात, वाढताना ते भातावर कुस्करायचे आणि वर कढत फोडणीचं तेल ओतायचं. बरोबर चिंचेचं सार. मी दुसऱ्यांदा भात घेत होते. ("लाजू नको वं, तू काही सासरी नाही आली," कुमुद म्हणत होती.) तोच मेघाचा मोबाइल किंचाळला. त्या मेसेजला वेगळा आवाज ठेवला होता, रुग्णवाहिकेचा.

"बाबूजी! बिजली उष्णतेत!"

मनोहरराव ताटावरून उठले तेच धावत. कुमुदने हात ताटातच धुतला आणि उठली. मीही उठले. कशाला, ते मला अजून कळलेलं नाही. सगळे धावले म्हणून मी धावले. मेघाने नळाला पाइप लावला. कुमुदने पोती भिजवली. मनोहरराव माझ्या खोलीत शिरले आणि "ताई, रागावू नका हं," असं म्हणत माझा कूलर ओढत घेऊन गेले. माझ्या हातात कोणीतरी बादली दिली. ती घेऊन मी गोठ्याच्या दारात पोचले आणि शेणावरून अशी काही घसरले की बादलीतलं पाणी मनोहररावांच्या टोपीवर आणि मी गवताच्या पेंढीवर. लागलं काही नाही. घड्याळ मात्र हृदयाचे ठोके वाढल्याबद्दल मला फैलावर घेत होतं.

बिजली मध्यभागी उभी होती, नखशिखान्त ओली, अंगावर पोती, समोर कूलर. तिला ते सगळं आवडत असावं. शेजारच्या गाईच्या पाठीवर मान टाकून ती डोळे मिटून उभी होती.

"मावशी, हा मोबाइल धरा जरा, माझे हात ओले हायेत," मेघा म्हणाली. "आता पुढं काय लिहून आलं ते वाचा बरं."

मी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं. "उष्णता आढळली, बिजली. रवंथ कमी. हालचाल वाढली. स्थायी उष्णता अपेक्षित. खिडकी उघडी आहे. खिडकी उद्या सकाळी बंद होईल."

"मी नाही बंद करत!" मनोहरराव गरजले. "उद्या सकाळी काहून बंद करीन? मरीन ना ते जनावर!"

मी पुन्हा वाचलं. ऊन लागलेलं जनावर मलूल पडतं. याची हालचाल वाढली कशी? आणि 'स्थायी उष्णता' हे कुठलं मराठी? पंचेचाळीस मुलांच्या वह्या तपासताना मला एक सवय लागली होती. मराठी वाक्य चमत्कारिक दिसलं की मुलाने ते कुठल्या इंग्रजी वाक्यावरून ओढून आणलं असेल, ते मनात उलटं करून बघायचं. मी 'उष्णता' उलटी केली. हीट. मग 'खिडकी' उलटी केली. विंडो. इंग्रजीत विंडो म्हणजे खिडकी, आणि एखादं काम साधायची तेवढीच नेमकी वेळ, तिलाही विंडोच म्हणतात. आणि हीट म्हणजे ऊन, आणि जनावराच्या बाबतीत हीट म्हणजे...

मी मनोहररावांकडे पाहिलं. ते टोपी पिळत होते. परक्या पुरुषापुढे हा शब्द मी माझ्या तोंडाने उभ्या आयुष्यात उच्चारला नव्हता. मी कुमुदला बाजूला ओढलं आणि तिच्या कानात सांगितलं.

कुमुदने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बिजलीकडे. शेजारणीच्या पाठीवर मान टाकून उभ्या असलेल्या बिजलीकडे. आणि मग गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "अहो! गाय माजावर हाय, अन तुम्ही तिले आंघोळ घालून राहिले!"

पाइपचं पाणी तसंच वाहत राहिलं. मनोहरराव म्हणाले, "काय?"

"ऊन-बिन काही नाही लागलं तिले. त्या मेसेजवाल्यायनं इंग्रजी शब्दाचं मराठी केलं, हीटचं उष्णता! माज हाय तो!"

"मंग माज लिहाले काय झालं होतं त्यायले?" मनोहरराव भडकले. "दोन अक्षरं हायेत! दोन!" आणि मग आवाज उतरला. "म्हणजे त्या दोन डावीही..."

"त्या दोन डावीही," कुमुद म्हणाली.

"अन खिडकी?"

"ती खिडकी म्हणजे वेळ, डॉक्टरले बोलवाची," असं म्हणून कुमुद हसत सुटली, आणि मीही. मेघा तेवढी हसत नव्हती. ती मोबाइलवरची ती ओळ बघत होती. "उद्या सकाळी बंद होईल," ती हळूच म्हणाली. "आई, अक्षय्य तृतीया परवा हाय. पुढचा माज येईपर्यंत यापारी थांबणार नाही. डॉक्टर आजच पायजे."

सावनेरचं लग्न

डॉक्टर फोन उचलेनात. जनावरांचे हे डॉक्टर त्या दिवशी सावनेरला भाच्याच्या लग्नात होते आणि लग्नात बँड होता. शेवटी मनोहररावांना बिजलीजवळ ठेवून आम्ही तिघी गाडीत बसलो. माझ्या साडीला मागून शेण होतं, ते मला सावनेर आल्यावर कुमुदने सांगितलं.

मंडप मोठा. ऊन कलतं होतं, पंखे गरगरत होते, पाच-सहाशे माणूस, आणि सगळ्या पुरुषांच्या डोक्यावर एकाच रंगाचे फेटे. त्यात डॉक्टर कोणता ते कसं कळणार? कुमुद सरळ माइकवाल्याकडे गेली.

"डॉक्टरसाहेबांना गेटवर बोलवा. लवकर."

"कोण आलं म्हणून सांगू, काकू?"

"बिजलीवाले आले म्हणा. त्यायले समजते."

माइकवाल्याने घसा खाकरला. "नवरदेवाचे मामा डॉक्टरसाहेब, जिथं असतील तिथून ताबडतोब गेटवर यावे. बिजलीवाले आले आहेत! पुन्हा एकदा, बिजलीवाले आले आहेत!"

पुढे जे झालं ते डोळ्यांची पापणी लवायच्या आत झालं. मंडपवाल्याचा एक माणूस ताडकन उठला, मागच्या खांबावर सरसर चढला आणि विजेच्या तारेवरचा आकडा ओढून त्याने खाली टाकला. मंडपाची वीज चोरून घेतलेली होती, आणि 'बिजलीवाले' म्हणजे त्याच्या मते धाडच! सगळे पंखे थांबले. दिवे गेले. बँडवाल्याचं गाण्याचं यंत्र एक लांब सूर काढून बंद पडलं. एवढ्या मोठ्या मंडपात इतकी शांतता झाली की पंगतीत कोणीतरी मठ्ठ्याचा भुरका मारला तो मला ऐकू आला.

आणि नेमक्या त्या शांततेत मेघा, जिला गेटवरून डॉक्टर दिसले होते, ती जीव खाऊन ओरडली, "डॉक्टरसाहेब! बिजली माजावर आली!"

पहिल्या पंगतीतले एक आजोबा लाडू खाली ठेवून म्हणाले, "बिजली त माजलेलीच हाय गा! बिल पाहून घे मागच्या महिन्याचं!"

सगळा मंडप हसला. नवरी हसली. अक्षता हातात घेऊन उभे असलेले भटजी हसले. मी तर खांबाला धरून उभी होते, मागून शेण, पुढून अश्रू. डॉक्टर गर्दीतून वाट काढत आले, फेटा तिरका, कपाळाला गंध. मेघाने दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "केव्हापासून?" आणि मग म्हणाले, "चला. सामान गाडीतच असते माझ्या, लग्न असो का काही असो."

पण मुलाकडचे लोक सोडीनात. न जेवता मांडवातून कोणी जायचं नाही, अशी तिथली रीत. आपल्याकडे आग्रह करतात, तोही तोंडी. तिथे हात धरतात. अखेर वरमाय स्वतः आली, प्रत्येकीच्या हातात दोन दोन बुंदीचे लाडू कोंबले आणि कुमुदला म्हणाली, "जा वं बाई, त्या बिचारीलेही खायला घालजो एक." मंडपवाला मात्र तिथून बेपत्ता होता. नंतर ते लग्न जनरेटरवर लागलं असं ऐकते.

बिजली

परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मनोहरराव बिजलीजवळ खुर्ची टाकून बसले होते आणि कूलर चालूच होता.

डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा रबरी हातमोजा चढवला. फेटा काढायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. तपासून म्हणाले, "माज आहेच. पण मुका माज आहे. उन्हाळ्यात अशी गाय ओरडत नाही, काही नाही, म्हणून तुमाले दिसलं नाही. पट्ट्याले दिसलं."

"आम्ही तिले दोनदा थंड करत बसलो," मनोहरराव जमिनीकडे बघत म्हणाले. "अन आजही."

"चांगलं केलं. अंग तापलेलं असलं त गाय भरवून फायदा नसते. कूलर ठेवा चालू. खिडकी कधी काढली हो? छान हवा येऊन राहिली."

मनोहररावांची मान जी वर आली, ती मी जाईपर्यंत खाली गेली नाही.

डॉक्टरांचं काम चालू होतं तेवढा वेळ मेघा बिजलीचं तोंड दोन्ही हातांत धरून उभी होती आणि तिच्याशी काहीतरी पुटपुटत होती. आम्ही तिघं मागे उभे होतो. दुपारपासून पहिल्यांदाच कोणी हसत नव्हतं. काम झाल्यावर मेघाने वरमायचा लाडू बिजलीच्या तोंडात घातला. उरलेले आम्ही गोठ्यातच उभ्या उभ्या खाल्ले.

"आता?" मेघाने विचारलं.

"आता वाट पाहाची," डॉक्टर म्हणाले. "उलटली नाही त मंग तपासू."

मनोहररावांनी तिथेच फोन काढला आणि यापाऱ्याला सांगितलं, "अक्षय्य तृतीयेले येऊ नको गा. थांब सांगेपर्यंत." पलीकडून काहीतरी टोमणा आला असावा. मनोहरराव म्हणाले, "बरं बरं, असू दे. मी पागल त पागल."

सांगली

मी परतले. मेघाने निघताना माझ्या मोबाइलवरही ते ॲप घालून दिलं होतं. त्यामुळे इथे सांगलीत, सकाळचा चहा पिता पिता, मला बिजलीचा रवंथ दिसतो. शेजारच्या वहिनींना वाटतं मी शेअर बाजार बघते. मनोहररावांच्या सांगण्यावरून मी कंपनीला एक पत्रही लिहिलं, विनयाने, पण लाल शाईच्या सवयीने. आता मेसेजात 'माज' लिहून येईल, असं त्यांनी कळवलं आहे.

पण मेसेज यायलाच नको होता. तीन आठवडे झाल्यावर मी मोबाइल उशाशी घेऊन झोपू लागले. एकदा तो वाजला आणि मी अंथरुणात उठून बसले. तर ते गॅस सिलिंडरचं होतं. बिजली गप्प होती. मेघाही फोन करीना, आणि मलाही करवेना. कुमुद तेवढी अधूनमधून म्हणायची, "अजून नाही उलटली वं," आणि घाईने दुसऱ्या विषयावर जायची.

काल संध्याकाळी फोन आला. मनोहररावांचा. ते मला कधी फोन करत नाहीत. तिकडे पाऊस पडत असावा, पत्र्यावरचा आवाज येत होता.

"ताई, डॉक्टर येऊन गेला," ते म्हणाले. "आमच्या बिजलीले दिवस गेले."

मागून कुमुदचा आवाज आला, "गाईले दिवस नसतात जात! गाय गाभण राहते. सुधा शिक्षक हाय, ती काय म्हणीन?"

"राहू दे वं," मनोहरराव तिला म्हणाले. "मेघाची पोरगी होय ते. पोरीले दिवसच जातात."

तुमची,
आजी